जयमालाचा डावा गुडघा

नारळ यंत्रावर फोडायचा की यंत्रासमोर, यावर दहा मिनिटं गेली.

"समोर फोडा, समोर," कंपनीचा इंजिनिअर हात जोडून सांगत होता. "आत पाणी गेलं तर सेन्सर बाद होतील, मॅडम."

"देवाच्या पाण्याने काय होतंय?" वहिनीसाहेब म्हणाल्या.

वहिनीसाहेब म्हणजे आमच्या संस्थेच्या अध्यक्षांच्या पत्नी. खंडेनवमीला संस्थेतल्या सगळ्या यंत्रांची पूजा त्यांच्या हातून होई. कॉलेजची बस, झेरॉक्सचं मशीन, विहिरीवरचा पंप, आणि त्या वर्षी पहिल्यांदाच आमच्या फिजिओथेरपी विभागात आलेलं तोल मोजायचं यंत्र. यंत्र म्हणजे जमिनीवर बसवलेली एक गोल डुगडुगती पाटी आणि तिच्यासमोर टीव्हीसारखा पडदा. गुडघा नाहीतर घोटा दुखावलेल्या खेळाडूने पाटीवर एका पायाने उभं राहायचं, यंत्र पाटी हलवणार, आणि त्याने तोल कसा सांभाळला याचे शंभरातले गुण पडद्यावर येणार.

शेवटी नारळ समोर फुटला. पण पाटीवर, नेमकं पाऊल ठेवायच्या जागी, वहिनीसाहेबांनी कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक काढलं, वर अक्षता टाकल्या, आपट्याची पानं ठेवली आणि पडद्याला झेंडूची माळ घातली. हळदीकुंकवाचं ताट मी धरलं होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी लोकांना पुष्कळ नावं ठेवणार आहे.

याला आता अठरा वर्षं झाली. मी तेव्हा पदव्युत्तरच्या शेवटच्या वर्षाला होते. प्रबंधाचा विषय माझे गाइड डॉ. उपळेकर सर यांनी यंत्राच्या ऑर्डरबरोबरच ठरवून टाकला होता: या यंत्रामुळे गुडघ्याच्या आणि घोट्याच्या दुखापतीतून खेळाडू किती लवकर मैदानात परततात. परततात की नाही हा प्रश्नच नव्हता. किती लवकर, एवढंच काय ते आम्ही शोधायचं.

माझ्या मूळ आराखड्यात तीस खेळाडू होते. पंधरा यंत्रावर, पंधरा साध्या व्यायामावर, म्हणजे तुलना करता येईल. सरांनी दुसरे पंधरा लाल पेनाने खोडले.

"अध्यक्षसाहेबांनी यंत्र सगळ्यांसाठी आणलंय," ते म्हणाले. "निम्म्या पोरांना त्यापासून लांब ठेवलं असं त्यांच्या कानावर गेलं, तर तुम्ही-आम्हीच लांब जाऊ."

झालं, तुलनेचा गट गेला. उरलेल्या पंधरा जणांचा तोल पूजेच्या आदल्या आठवड्यात मी स्वतः मोजला. सगळ्यांनी बूट-चपला काढून पाटीवर पाय ठेवला, लटपटले, हसले, दोघं पडता पडता वाचले. सरासरी गुण एकेचाळीस. म्हणजे सुधारायला भरपूर वाव, असं सर आनंदाने म्हणाले.

यादीत सातव्या क्रमांकावर जयमाला बंडगर होती. खानापूर तालुक्यातली, कबड्डीत चढाई करणारी, विसाव्या वर्षात. एप्रिलमध्ये एका सामन्यात तिच्या डाव्या गुडघ्याच्या आतला बंध तुटला आणि ऑपरेशन झालं. असा गुडघा मैदानात परत जायला नऊ महिने तरी घेतो. जयमालाकडे आठच होते. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात राज्याच्या संघाची निवड चाचणी होती, आणि जानेवारीत ती मुलींच्या गटाच्या वयातून बाहेर पडत होती. राज्याकडून खेळल्याचा कागद हातात आला, की पोलीस भरतीत खेळाडूंच्या राखीव जागेवर अर्ज करता येतो. वडील वर्षातले आठ महिने मेंढरं घेऊन कोकणात, घरी आई आणि दोन धाकट्या बहिणी. खाकी अंगावर चढली की घराचा प्रश्न सुटला, एवढा साधा हिशेब तिच्या डोक्यात होता आणि तो तिने मला पहिल्याच दिवशी सांगितला होता.

चाचणीला उतरायचं तर आमच्या विभागाचं खेळायला योग्य असल्याचं पत्र लागणार होतं. ते द्यायचं की नाही हे मी ठरवायचं, कारण ती माझ्या अभ्यासातली होती.

खरं म्हणजे ती बरी होत चालली होती. यंत्र यायच्या आधी तीन महिने मी तिच्याकडून रोज कॉलेजच्या जिन्याच्या चाळीस चढउतार करून घेत होते. गादीची घडी घालून त्यावर डाव्या पायाने उभं राहायचं, भिंतीला पाठ लावून बसायचं, मांडीला वाळूची पिशवी बांधून पाय उचलायचा. कंटाळवाणी कामं सगळी, पण मांडी भरत होती. ती एक दिवस चुकवायची नाही.

दसऱ्याची सुट्टी संपल्यावर मी तिला म्हटलं, "आता जिना बंद. गादी बंद. फक्त यंत्र, रोज वीस मिनिटं."

"का वो, मॅडम? जिन्यानं बरं वाटतंय की."

"तू जिनाही केलास आणि यंत्रही केलंस, तर कशाने बरी झालीस ते आम्हाला कसं कळणार?"

तिने थोडा विचार केला. "मी बरी झाल्यावर ते कशाला कळाय पाहिजे?"

"शास्त्र असतं, जयमाला."

"मग असू दे," ती म्हणाली आणि वाळूची पिशवी कोपऱ्यात नेऊन ठेवली.

त्याच दिवशी सरांनी मला वरती तिसऱ्या मजल्यावर नेलं आणि तिथून मी सहा आठवडे खाली उतरलेच नाही म्हणा ना. नोव्हेंबरच्या अखेरीस आमच्या कॉलेजात राष्ट्रीय परिषद भरणार होती. सांगली, सातारा, कोल्हापूर एवढ्यांनी राष्ट्र होत नाही, म्हणून बेळगावच्या दोघांना जाण्यायेण्याचं भाडं देऊन बोलावलं होतं. बेळगाव आपलंच असं ज्यांचं मत होतं, त्यांनीही त्या दिवसापुरतं ते परराज्यात जाऊ दिलं. आमंत्रणपत्रिका, स्वागताच्या शाली, जेवणाची कुपनं, प्रमाणपत्रांवरची नावं, सगळं माझ्याकडे. संशोधन करणारी मी एकटीच होते आणि संशोधनाला वेळ नसलेलीही मीच.

खाली यंत्रावर सर्जेरावमामा होते. मामा म्हणजे आमचे शिपाई. तरुणपणी कुस्त्या मारलेले, कान मुडपलेले, साठीला टेकले तरी पोटऱ्या दगडासारख्या. यंत्र चालू कसं करायचं, खेळाडूचं नाव कसं निवडायचं आणि हिरवा दिवा लागला की वीस मिनिटं कशी धरायची, हे मी त्यांना एका दुपारी शिकवलं होतं. खालचे आकडे तारेतून वर माझ्या संगणकावर येत. मी कुपनं मोजता मोजता ते बघत असे.

काय आकडे होते म्हणून सांगू. एकेचाळीसवरून पहिल्याच आठवड्यात अठ्ठ्याहत्तर. दुसऱ्या आठवड्यात शहाऐंशी. चौथ्यात कोणी नव्वदच्या खाली राहिलंच नाही. आलेख असा चढला, की मी कागद आडवा करून छापला.

आता कोणीही शहाणं माणूस म्हणेल, की तुटका गुडघा एका आठवड्यात दुप्पट तोलाचा होत नाही. मीही शहाणी होते. पण बाई, आपल्या प्रबंधाचा आकडा वर चाललेला असताना शहाणपण कोणाला सुचतं? सरांनी तो आलेख बघितला आणि चष्मा काढून पुसला.

"शिरगावकर," ते म्हणाले, "नऊ महिन्यांचं काम आपण आठ महिन्यांत करतोय. कदाचित सातच."

"सर, जरा जास्तच चांगलं नाही वाटत?"

"चांगल्या निकालाला घाबरायचं नसतं."

मधे एकदा जयमाला फाटकात भेटली. मी बॅनर घेऊन रिक्षातून उतरत होते.

"कसं चाललंय?" मी विचारलं.

"सत्त्याण्णव पडलं काल."

"शाबास."

गुडघ्याला हात लावून बघायला अर्धं मिनिट लागलं असतं. पण बॅनर वाऱ्याने उडत होता, आणि सत्त्याण्णव म्हटल्यावर बघायचं काय राहिलं?

परिषदेच्या दिवशी पुण्याहून अस्थिरोगतज्ज्ञ आले, प्रमुख पाहुणे म्हणून. सरांनी यंत्र खालून उचलून स्टेजवर आणवलं होतं. अध्यक्षसाहेब पहिल्या रांगेत, शेजारी वहिनीसाहेब. माझा आलेख भिंतभर दाखवून झाला, टाळ्या झाल्या, आणि सर म्हणाले, "आता या यंत्राचा चमत्कार आपण प्रत्यक्षच पाहू. राज्य संघाच्या उंबरठ्यावर असलेली आमची खेळाडू, कुमारी जयमाला."

ती लाल जर्सी घालून आली. चपला स्टेजच्या पायरीवर काढल्या. यंत्रापुढे उभी राहून तिने डोळे मिटून नमस्कार केला. पाटीवरचं स्वस्तिक अजून होतं, मामा ते रोज ठळक करत असणार. मग ती खाली वाकली, दोन्ही तळहात पाटीवर टेकवले, पाय मागे लांब टाकले आणि जोर काढायला घ्यावेत तशी स्थिर झाली. पाटी डुगडुगली. तिचे खांदे जागचे हलले नाहीत. पडद्यावर आकडा चढत गेला आणि सत्त्याण्णववर थांबला.

सहा आठवडे पंधरा खेळाडूंनी काय केलं होतं, ते मला त्या एका क्षणात कळलं. आणि पुण्याच्या डॉक्टरांनाही कळलं असावं, कारण ते पुढे वाकून म्हणाले, "दुखापत गुडघ्याला आहे ना?"

सर हसले. मी आजवर पुष्कळ हुशार माणसं पाहिली, पण तसं हसू पुन्हा पाहिलं नाही.

"अगदी बरोबर प्रश्न, सर. तोल गुडघ्यात नसतो, मेंदूत असतो. आणि मेंदूला तोल शिकवायचा तर तो हातांकडून शिकवावा, म्हणजे दुखऱ्या सांध्यावर भार येत नाही. हाच आमच्या पद्धतीचा नवा विचार आहे."

"इंटरेस्टिंग," डॉक्टर म्हणाले. "हे कुठे प्रसिद्ध झालंय?"

"होतंय," सर म्हणाले.

पहिली टाळी वहिनीसाहेबांनी वाजवली. बेळगावच्या दोघांनी पद्धत वहीत उतरवून घेतली.

जेवणाच्या सुट्टीत मी मामांना यंत्राच्या खोलीत गाठलं. "मामा, हे काय? पायांनी का नाही करून घेतलं?"

मामांना प्रश्नच कळेना. "आवो मॅडम, पूजा झालीया त्येची. कुंकू काढलंय. त्येच्यावर पाय कोन ठेवंल?"

"मग मला सांगायचं तरी!"

"आता ह्यात सांगायचं काय? ताट तुमीच धरलं हुतं." मग माझं तोंड बघून ते जरा नरमले. "पैल्या दिवशी कोनबी पाय टाकंना. पोरं नुसती हात जोडून हुबी. यंत्र वरडाय लागलं, वजन पायजे म्हनून. म्हनलं, मानूस मातीला हात लावून आखाड्यात उतरतंय, तसं हात टेका. टेकलं, तर हिरवा दिवा लागला. यंत्राला चाललं, मग आमाला बी चाललं."

माणूस चुकीचं काहीच बोलत नव्हता. मी तिथून निघाले ती थेट जयमालाला शोधत. ती व्हरांड्यात बाकावर परिषदेच्या डब्यातला जिलेबीचा तुकडा खात बसली होती.

"ऊठ. उजव्या पायावर उडी मार. जेवढी लांब जाईल तेवढी."

तिने मारली. मी फरश्या मोजल्या, साडेचार.

"आता डाव्या."

तिने डावा पाय टेकवला, उजवा उचलला आणि थांबली. चढाईला जाताना सात जणींच्या घोळक्यात बेधडक घुसणारी पोरगी, एका रिकाम्या व्हरांड्यात थांबली. मग उडी मारली. दोन फरश्या. उतरताना गुडघा आतल्या बाजूला लपकन वाकला आणि तिने भिंतीला धरलं. मी पर्समधली टेप काढून मांड्या मोजल्या. सप्टेंबरात डावी मांडी उजवीपेक्षा एक सेंटिमीटर कमी होती. आता साडेतीन. जिना बंद, गादी बंद, वाळूची पिशवी बंद. तिची मांडी मी उतरवली होती, माझ्या शास्त्राने.

"बस," मी म्हटलं, "आलेच," आणि सरांच्या खोलीत गेले.

सर पाहुण्यांना द्यायच्या फोटोफ्रेमवरचा कागद नीट करत होते. मी सगळं सांगितलं. उड्या, फरश्या, मांड्या. "तिला पत्र देता येणार नाही, सर. ती चाचणीत खेळली तर गुडघा जाईल."

"यंत्र काय म्हणतंय?"

"यंत्र हातांबद्दल म्हणतंय."

"अहवालात हात हा शब्द कुठे आहे, दाखवा मला." त्यांनी कागद पुढे केला. "इथे लिहिलंय, बंडगर जयमाला, डावी बाजू, सत्त्याण्णव. डावा हात की डावा पाय, यंत्र विचारत नाही."

"पण आपल्याला माहीत आहे ना, सर."

"बसा, शिरगावकर." ते अगदी मायेने बोलले. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. "समजा, तुम्ही तिला अयोग्य लिहिलंत. परीक्षक विचारणार, सत्त्याण्णव गुणांची मुलगी अयोग्य कशी? मग उरलेल्या चौदांचे गुण कशावरून खरे? मग प्रबंध कुठला आणि पदवी कुठली? पुढच्या वर्षी नवे पंधरा गोळा करा आणि नवा दसरा बघा. शिवाय त्या नाशिकच्या कॉलेजात तुमची नोकरी ठरलीय ना जूनपासून?"

"हो."

"आणि मुलीला खेळायचंच आहे. तिची शेवटची संधी. तुम्ही आडव्या आलात म्हणून उद्या ती तुम्हालाच शिव्या देईल. विचारा तिला."

मला हा रस्ता फार आवडला. तिला विचारायचं. ती रडेल, हट्ट करेल, पाया पडेल, आणि मी नाइलाजाने सही करेन. जिना उतरताना मी तिची रडारड मनातल्या मनात ऐकतसुद्धा होते.

ती रडली नाही. डबा धुऊन, पालथा घालून, माझी वाट बघत बसली होती.

"मॅडम, एक विचारू? मघाशी तुम्ही मांडी मोजलासा, तवा तुमचा चेहरा बघितला मी. मला आतनं वाईच सैल लागतंय. चालताना न्हाई, वळताना. पर यंत्र तर एवढं मार्क देतंय. मला यंत्रातलं कळत न्हाई, तुम्हाला कळतंय." तिने गुडघ्यावर हात ठेवला. "तुम्ही जाऊ नको म्हणलासा, तर मी जात न्हाई."

"आणि पोलीस?"

"ते हाय की. पर गुडघा दुसऱ्यांदा गेला तर घरचं पाणी तरी कोण आणणार? आई म्हणली, मॅडमना विचार आणि त्या सांगतील तसं कर. तुम्ही सांगा. खेळू का नको?"

आतून माईकवर सरांचा आवाज येत होता, आभारप्रदर्शन चालू झालं होतं, आणि त्यात माझंही नाव होतं. नको, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. कोणी ऐकायला नव्हतं. कागदावर काही लिहायचीही गरज नव्हती. ती आपणहून थांबली असती, प्रबंधही वाचला असता. हे मला तेव्हा सुचलं नाही असं मी बरीच वर्षं लोकांना सांगितलं. सुचलं होतं. पण सत्त्याण्णव गुणांची मुलगी चाचणीला का गेली नाही, असं साहेबांनी विचारलं तर सरांना काय सांगू, हे त्याच्या आधी सुचलं.

"यंत्र चुकत नाही," मी म्हटलं. "खेळ."

तिचा चेहरा इतका फुलला, की मला वाटलं, बरोबरच केलं आपण. मी तिच्यासमोर पत्रावर सही केली. तिने ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जर्सीच्या आत ठेवलं.

चाचणी पाच तारखेला होती. सहाला सकाळी मामांनी चहा आणून टेबलावर ठेवला आणि तिथेच उभे राहिले.

"काय झालं, मामा?"

"बंडगरची पोर. दुसऱ्याच चढाईला."

"कोणी जोरात धरलं का?"

"कुनी हात बी लावला न्हाई, मॅडम. नुसती वळली."

मी त्या दिवशी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी जेवले. तिसऱ्या दिवशी सरांनी मला बोलावून सांगितलं, की पंधरांची सरासरी चौदांची करा, आणि एक वाक्य घाला. वाक्य त्यांना तोंडपाठ होतं, जगातल्या सगळ्या प्रबंधांत ते असतं: एक खेळाडू अभ्यासाशी संबंध नसलेल्या कारणामुळे पुढील तपासणीस उपलब्ध होऊ शकली नाही. मी ते टंकलं. सातवा क्रमांक काढल्यावर आठवा सातवा झाला, नववा आठवा झाला, आणि तक्ता अगदी सलग दिसायला लागला. बाकी चौदा जणांपैकी कोणाला तातडीने मैदानात उतरायचं नव्हतं, हे त्यांचं नशीब.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एकच प्रश्न विचारला, यंत्र कुठल्या कंपनीचं. त्या वर्षीचं सुवर्णपदक मला मिळालं. हातांपासून तोल शिकवायची पद्धत पुढच्याच वर्षी सरांच्या नावाने छापून आली, बेळगावच्या दोघांनी तिच्यावर कार्यशाळा घेतली, आणि आमच्या संस्थेने तसली आणखी तीन यंत्रं मागवली. पूजा अर्थातच चारही यंत्रांची होऊ लागली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी नाशिकला निघायच्या तयारीत होते. विभागातली पुस्तकं परत करत होते, तेवढ्यात दारात काठीचा आवाज झाला. जयमाला होती. साडी नेसलेली, काखेत कुबडी. दुसरं ऑपरेशन करायचं राहूनच गेलं होतं, ते मामांनी मला आधी सांगितलं होतं.

"तू कशी काय आलीस?" मी विचारलं.

"आज तारीख हाय न्हवं." तिने पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. अभ्यासात भाग घेताना तिने ज्याच्यावर सही केली होती, ते संमतीपत्र. त्यात खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, की अभ्यास संपल्यावर सहा महिन्यांनी खेळाडू पुन्हा तपासणीला येईल. पंधरांतलं कोणीही आलं नव्हतं. मी कोणाला बोलावलंही नव्हतं. "सही केल्याली, म्हणून आले. विट्याला एष्टी बदलाय लागली, जरा उशीर झाला."

"बस ना," मी खुर्ची ओढली.

ती पाय लांब करून बसली. मी गुडघा तपासला. तपासण्यासारखं काही नव्हतं, पण तिने एवढ्या लांबून आणला होता म्हणून तपासला, वाकवून बघितला, टेप लावली आणि आकडे एका चिठ्ठीवर लिहिले. ती चिठ्ठी जायची कुठे, हे मलाच माहीत नव्हतं.

"तुमचं झालं का वो पुस्तक?" तिने विचारलं.

टेबलावरच होतं. काळं कव्हर, सोनेरी अक्षरं. तिने ते मांडीवर घेतलं आणि पानं उलटत तक्त्यापाशी आली.

"ह्यात मी कुठं हाय?"

"नावं नसतात त्यात. नुसते नंबर."

"माझा कितवा?"

मी सातव्या ओळीवर बोट ठेवलं. ती ओळ कोल्हापूरच्या एका खो-खोच्या पोराची होती.

"काय लिवलंय?"

इंग्रजी होतं ते. मी मराठी करून वाचलं. "खेळाडू पूर्णपणे बरी. मैदानात परतली."

तिने त्या ओळीवरून बोट फिरवलं. मी वाट बघत राहिले, की ती आता पुस्तक फेकून मारेल.

"बरं झालं असं लिवलासा," ती म्हणाली. "खरं लिवलं असतं तर तुम्हाला नापास केलं असतं."